चौथं शील

त्या रविवारनंतर आमच्या घरात चूल एकच राहिली, पंगती मात्र दोन झाल्या. आधी दादा जेवायचा. तो हात धुऊन बाहेर ओट्यावर गेला की मग दर्शनाचं ताट. मी दोन्ही पंगतींना वाढायचे, आणि वहिनी दोघांकडेही पाठ करून भांडी घासायची. तवा घासायचा आवाज जरा मोठा झाला की समजायचं, आता दर्शना जेवायला बसलीय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, चांगदेव. रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालेला. कल्याण पूर्वेला आमच्या चाळीच्या टोकाला विहार आहे, त्याच्या कमिटीचा तो अध्यक्ष. दर्शना त्याची मुलगी, ठाण्याला डेंटल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. माझे मिस्टर गेल्यापासून मी भावाकडेच असते. सकाळी अंघोळ झाली की पंचशील घेते, पौर्णिमेला अष्टशील, त्या दिवशी दुपारनंतर अन्न नाही. यात सांगण्यासारखं काही नाही, आमच्याकडे पुष्कळ बायका करतात. सांगते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं त्यात हेच आडवं आलं.

दर्शनाच्या कॉलेजात मुलांना शिकता शिकता स्वतःचं छोटं संशोधन करायची संधी देतात. एक मॅडम मार्गदर्शनाला असतात, मुलं लोकांत जाऊन माहिती गोळा करतात आणि शेवटी अहवाल लिहितात. पुष्कळ जण अर्ज करतात, थोड्यांना मिळतं. दर्शनाला मिळालं. तिने विषय घेतला तंबाखू आणि बिडी सोडवण्याचा. माणसाला ते सुटायला मदत कशी करायची, आणि तोंडातल्या कॅन्सरच्या आधीच्या खुणा वेळेत कशा शोधायच्या. जागा कुठली घेऊ म्हणून तिने मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. म्हणाली, आपली चाळ सोडून लांब कशाला जाऊ आत्या, आपल्याकडे काय कमी आहेत.

दादाला आभाळ ठेंगणं झालं. वर्षावास नुकताच बसला होता. पावसाळ्याचे ते तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं आणि दादा त्यावर बोलतो. बोलतो छान. त्यातल्या एका संध्याकाळी त्याने मधेच पुस्तक मिटलं आणि सांगितलं, माझी मुलगी रिसर्च करतेय, येत्या रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी थांबायचं, कुणी लाजायचं नाही, खुर्चीवर पहिला मी बसणार.

पहिलं चुकलं ते त्या रविवारी. वंदना झाली, शील घेऊन झालं, अगरबत्ती अजून जळत होती, आणि त्याच सतरंजीवर दर्शना आणि तिच्याबरोबर कॉलेजात असलेली दिशा, दोघींनी कागद वाटले. तंबाखू खाता का, बिडी ओढता का, मशेरी लावता का. आता नुकतंच मूर्तीसमोर हात जोडून व्यसनापासून दूर राहीन म्हटलेलं माणूस, बाजूला सासरा बसलेला, समोर अध्यक्ष उभे, ते माणूस कागदावर काय लिहिणार? सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं. जाईबाईच्या दातांना सकाळची मशेरी तशीच काळी चिकटलेली, तरी तिने नातीला सांगितलं, लिही नाही म्हणून, मशेरी काय तंबाखू असते काय, ते दात घासायचं असतं. खोटं बोलतोय असं तिथे कुणालाही वाटलं नसेल. शील घेतलं म्हणजे ते पाळलं, असं धरून चालायची आपली सवय.

एका सिद्धेशने तेवढं खरं लिहिलं. सिद्धेश रिक्षा चालवतो. पूर्वी कमिटीत होता. एकदा पिऊन मीटिंगला आला म्हणून दादाने त्याला भर सभेत उभं करून काढलं होतं. त्याने विहारात यायचं सोडलं नाही, पण मागे दाराशी बसायचा आणि दादा बोलायला लागला की छताकडे बघायचा. त्याने कागदावर लिहिलं, सगळं. दिशाने विचारलं, सगळं म्हणजे? तर म्हणाला, तुम्ही नाव घ्या ताई, मी हो म्हणतो.

मग दादा खुर्चीवर बसला. प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची, दिशाच्या हातात टॉर्च, दर्शनाच्या हातात छोटा आरसा. दादाच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता, मला पहिल्या रांगेत आला. त्याने तंबाखू सोडली होती, निदान तसं त्याने कैक वर्षांपूर्वी याच विहारात उभं राहून सांगितलं होतं, आणि त्यावर दर वर्षावासात एक संध्याकाळ बोलायचा. दर्शनाने गाल बाजूला केला आणि तिला शिकवलं होतं तसं, बघता बघता मोठ्याने सांगत गेली. डावा गाल, खाली हिरडीलगत. पांढरा चट्टा, मधे लाल ठिपके. तंबाखू धरायची जागा. दिशा, लिही. तुकडा काढून तपासायला लागेल.

सगळं बोलून झाल्यावर तिला कळलं की हे कुणाचं तोंड आहे. आरसा तसाच हातात राहिला.

मागून सिद्धेश म्हणाला, “लिहा ताई, नीट लिहा. अध्यक्षांचा नंबर पहिला.”

दोन-चार पोरं हसली. दादा उठला, मोरीत जाऊन चूळ भरली, परत आला, सगळ्यांना शांतपणे घरी जायला सांगितलं, विहाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. कॉलेजच्या कामासाठी विहार मिळणार नाही, असं दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. अक्षर दादाचंच.

घरात आल्यावर तो एकदाच बोलला. “तोंडात बघ म्हणालेलो. गावाला सांग म्हणालो नव्हतो.”

त्याचं ते बोलणं बरोबर होतं. दर्शनाच्या मॅडमनीही तेच सांगितलं. तिने स्वतःहून सगळं सांगितल्यावर तिला उभं करून झापलं, माणसाच्या तोंडात काय दिसलं ते त्याच्या कानात सांगायचं असतं, एवढं कळत नसेल तर संशोधन सोड. कागदही परत दिले. शील घेऊन उठलेल्या लोकांना विहारातच हे विचारलंस, यातला एकही कागद धरता येणार नाही, पहिल्यापासून कर. पोरगी घरी आली ती सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली आणि माफी मागितली. दादा पेपर वाचत होता. पान उलटून म्हणाला, माफीसुद्धा मोठ्याने माग, तेव्हा ऐकायला होते तेवढे सगळे बोलाव.

“बोलावते,” ती म्हणाली. “पण तुम्ही तपासून घ्या. पप्पा, तो चट्टा साधा नाहीये. आत्ता काढला तर काढला. नंतर गाल काढतात.”

“तुझ्या रिपोर्टला फोटो पाहिजे असेल.”

त्यानंतर पंगती दोन झाल्या त्या झाल्याच.

मी बरीच वर्षं माणसं बघतेय. भांडण आवाजाने होतं ते लवकर विझतं. आमच्याकडे आवाज नव्हता. दर्शनाचा पांढरा कोट दोरीवरून काढून कुणीतरी जिन्याच्या कठड्यावर टाकायचं, तो धुळीत पडायचा, ती उचलून परत धुवायची. वहिनी माझ्याशी बोलताना तिला ऐकू जाईल असं म्हणायची, शिकवली कशाला तर बापाची अब्रू मोजायला. नळावर बायकांना तर खेळच मिळाला. दर्शना कळशी घेऊन गेली की जाईबाई आ वासून उभी राहायची, म्हणायची, “बघ गं डाक्टरीणबाई, सोनं सापडलं तर अर्धं तुझं.” सगळ्या हसायच्या. दर्शना एकदा म्हणाली, बघते, पण मशेरी धुऊन या. तेव्हापासून नळावर तिची कळशी शेवटी लागायला लागली.

तिने काम मात्र सोडलं नाही. सिद्धेशने तिला स्टेशनच्या पूर्वेच्या रिक्षा स्टँडवर नेलं. तिथे विहार नाही, शील नाही, सासरा नाही. दुपारच्या वेळी रिक्षा रांगेत उभ्या असतात तेव्हा दर्शना आणि दिशा एकेकाला बाजूला घेऊन विचारायच्या, सकाळी उठल्यावर पहिली पुडी कधी, कधी तोंड शिवशिवतं, तेव्हा काय करता. रिक्षावाले मोकळे बोलायचे. एक जण म्हणाला म्हणे, ताई, बायको सोडेन पण हे नाही, आणि बायको तर सोडूनच गेलीय. दर आठवड्याला त्याच माणसांना परत गाठायचं, कुणाची किती कमी झाली ते बघायचं. सिद्धेश स्वतःही त्यात होता. त्याने ते दादाला चिडवायला धरलं होतं की खरंच, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दादा विहाराकडे निघाला की समोरून येऊन म्हणायचा, “दादा, आजचा दिवस निभावला बघा. तुमचं कसं काय?”

दादा घरी येऊन म्हणाला, दारुड्याच्या रिक्षात बसते माझी पोरगी.

आणि चट्टा काही थांबलेला नव्हता. ते मला दिसायचं, कारण वाढणारी मी. दादाला ठेचा लागायचा, भाकरीबरोबर रोज. आधी ठेचा कमी झाला, मग ताटात तसाच राहायला लागला, मग तो म्हणाला ठेचा करू नको. भाकरी दुधात कुस्करून उजव्या बाजूने खायचा. चहा गार करून प्यायचा. कुणी विचारलं तर एकच सांगायचा, मागची दाढ तुटलीय, तिची धार गालाला घासते, त्याचा व्रण आहे. चौकातल्या डॉक्टरने ट्यूब दिलीय. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की चाळीत सगळ्यांना ती दाढ माहीत झाली.

मी एकदा त्याच्या समोर बसले. म्हटलं, दादा, पोरीने चूक केली, मान्य. पण चूक तिच्या जिभेची आहे, तुझ्या गालातलं खरं आहे. तू तिच्या कॉलेजात जाऊ नको, दुसऱ्या दवाखान्यात जा. मी येते बरोबर.

त्याने दोन सबबी सांगितल्या. सुरी लागली की ते पसरतं, कारशेडमधल्या नाथाचं तसंच झालं. आणि डॉक्टर लोकांना गिऱ्हाईक पाहिजे असतं. मी ऐकत राहिले. मी बोलत नाही तेव्हा समोरच्याला बोलावं लागतं, एवढं माझ्या स्वभावाचं मला माहीत आहे. बऱ्याच वेळाने तो खालच्या आवाजात म्हणाला,

“तिथे गेलं की पहिलं काय विचारतात माहितीये? तंबाखू खाता का. दहा माणसं लाईनीत उभी असतात. त्यातला एक तरी आपला निघतो. मी त्या विहारात सिद्धेशला उभा करून काढलाय, शके. आता मी कुठल्या तोंडाने हो म्हणू?”

“ज्या तोंडात आहे त्याच,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे असं बघायला लागला जशी मी कुणी परकी. मग म्हणाला, तू एक काम कर. बायका तुझं ऐकतात. नळावर सांग की दाढ तुटलीय, तू डोळ्यांनी बघितलीस, डॉक्टरने पण तेच सांगितलं. तू सांगितलंस की विषय संपेल.

मी नाही म्हटलं. हे नको सांगू दादा, मला ते सांगता यायचं नाही. रोज सकाळी मी जे म्हणते, ते मग कशाला म्हणायचं?

“ठीक आहे,” तो उठता उठता म्हणाला. “मग गप्प बस. ते तुला छान जमतं.”

पुढे आश्विन पौर्णिमा आली. वर्षावास संपायचा दिवस, आमच्याकडे मोठा. विहाराला पताका, सगळ्यांचे पांढरे कपडे, खिरीचं पातेलं सकाळपासून मागच्या चुलीवर. मी अष्टशीलात होते. दर्शना आली नाही. तिला येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं, पण ये असंही म्हटलं नव्हतं. सिद्धेश दाराशी त्याच्या जागेवर बसला होता, धुतलेला शर्ट घालून.

आमच्याकडे शील देण्याची रीत अशी, की पुढे बसलेला एकेक शील म्हणतो आणि बाकीचे ते त्याच्या मागून म्हणतात. बायकांच्या बाजूला आवाज मी धरते. तसं कुणी ठरवलेलं नाही. मी पहिल्या रांगेत असते, पाठ चांगलं आहे, त्यामुळे माझ्या मागून बाकीच्या उचलतात. जाईबाईला तर शब्द येतच नाहीत, ती माझ्या आवाजाच्या शेपटीला धरून चालते. एरवी माझा आवाज घरातही कुणाला ऐकू जात नाही. तिथे मात्र तो असतो.

वंदनेच्या आधी दादा उभा राहिला. तीन महिन्यांचं वाचन कसं झालं ते सांगितलं, सगळ्यांचे आभार मानले. मग थांबला. म्हणाला, या तीन महिन्यांत माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. कुठे स्टँडवर, कुठे नळावर. मी या जागेवरून सांगतो की मी तंबाखू सोडली ती सोडली, परत हात लावलेला नाही. गालाला दाढ लागलीय, एवढंच. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी माझी बहीण इथे बसलीय. ती अष्टशील पाळते. ती खोटं बोलत नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिला विचारा.

कुणी विचारलं नाही. विचारायला त्याने जागाच ठेवली नाही, लगेच खाली बसून हात जोडले आणि वंदना सुरू केली. पण सगळ्या बायकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे त्यांच्या मनात ते पटलं. मी न बोलता माझा शब्द देऊन झाला होता.

उभं राहून हे खरं नाही असं म्हणावं, तर थोरला भाऊ, भरलेलं विहार, आणि माझ्या घशातून तसं काही कधी निघालेलं नाही. दर्शनाने त्याला एकदा चारचौघांत उघडं पाडलं त्याचं काय झालं ते मी रोज दोन पंगतींत वाढत होते. आणि बसून राहावं, तर त्याच्या गालात जे वाढतंय त्याला मीही पाणी घातलं. एवढं डोक्यात चालू होतं तोवर त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, प्राण्याची हिंसा करणार नाही, मी म्हटलं. दुसरं, न दिलेलं घेणार नाही, म्हटलं. तिसरं म्हटलं.

चौथं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. दादाने स्वच्छ म्हटलं. त्याचा आवाज चांगला आहे.

माझं तोंड उघडलं नाही.

ते मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. त्या आवाजामागून ते शील मला घेता येईना, एवढंच. माझ्या मागच्या बायका एक क्षण थांबल्या, मी सुरुवात करेन म्हणून. मी केली नाही, म्हणून त्यांनीही केली नाही. पुरुषांच्या बाजूने तीन-चार आवाज निघाले, बायकांकडून काही येत नाही म्हटल्यावर तेही अर्ध्यात पडले. विहारात एकदम सगळं थांबलं. मागच्या चुलीवरची खीर खदखदताना ऐकू येत होती.

जाईबाईने मला मागून ढोसलं. “शकूताई, घसा बसला काय? पाणी देऊ?”

मी मान हलवली, नको.

दादाने मूर्तीवरची नजर काढली नाही. त्याला वाटलं असेल लोक चुकले. त्याने तेच शील परत म्हटलं, अजून मोठ्याने. परत तेच झालं. आता मात्र त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझे हात जोडलेले होते आणि ओठ मिटलेले. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या गालाकडे पाहिलं. डावा गाल जरासा वर आलेला, आतून काहीतरी धरून ठेवल्यासारखा.

मग बायका माझ्याकडे पाहायच्या बंद झाल्या आणि त्याच्याकडे पाहायला लागल्या. कुणाला काही सांगायची गरज राहिली नाही. मला वाटलं दाराशी सिद्धेश आता काहीतरी बोलेल, त्याचा दिवस होता. तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला होता.

दादाने पाचवं शील म्हटलं. माझ्या जागी मी ते म्हटलं, बायकांनी म्हटलं. पुढची वंदना त्याने इतक्या घाईत उरकली की शेवटच्या गाथेला लोक मागे राहिले आणि तो उठलासुद्धा. खीर त्याने घेतली नाही. दुपार टळलेली, तेव्हा माझ्यासाठी खीर नव्हतीच.

चपला घालताना मी त्याला गाठलं. त्याने पट्टा लावला, सरळ उभा राहिला.

“पोरगी लहान आहे. तिला कळलं नाही, असं म्हणून मी तिला एक दिवस घरात घेतली असती,” तो म्हणाला. “तू कळून केलंस.”

त्याने थोडं थांबून पाहिलं, आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणाला न सांगता बाहेर पडला. पुढचं मला सिद्धेशने सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी, आणि सांगताना एकदाही हसला नाही. दादा स्टँडवर आला, रांगेतल्या पहिल्या रिक्षाला नाही म्हणाला, मधे उभ्या असलेल्या सिद्धेशच्या रिक्षात जाऊन बसला. पुढच्यांनी आरडाओरडा केला, नंबर सोडून भाडं घेतोस म्हणून. दादा म्हणाला, ठाण्याला चल, खोपटच्या पुढे दवाखाना आहे. पत्रीपूल मागे पडला, शिळफाटा गेला. शेवटी सिद्धेशनेच विचारलं, दादा, माझीच रिक्षा का? शत्रूच्या गाडीत बसलात.

“तुझ्यापुढे माझं काय राहिलंय,” दादा म्हणाला. “बाकीच्यांपुढे अजून थोडं आहे.”

दवाखान्यात रांग होती. दादाने सिद्धेशला आत बोलावलं, एकट्याने उभं राहवेना म्हणून. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं, मग मान वर न करता विचारलं, काही सवय, तंबाखू वगैरे? दादा खिडकीत वाकला आणि म्हणाला, “तंबाखू. चालू आहे.” मुलीला ऐकू आलं नाही. तिने परत विचारलं. दादाने परत सांगितलं, मोठ्याने. रांगेत आपलं कुणी नव्हतं, किंवा असेल तर त्याने मान फिरवली.

तुकडा काढला, तपासायला गेला. वहिनीने मला स्वयंपाकघरात पाठ करूनच सांगितलं, जशी काही चूक माझी, की कॅन्सर झालेला नाही पण व्हायला निघाला होता. सगळा चट्टा काढून टाकला. परत पुडी तोंडात गेली तर पुढच्या वेळी एवढ्यावर भागणार नाही, असं डॉक्टरने बजावलंय. आणि मग ती म्हणाली, मिळालं का समाधान. मी म्हटलं, हो वहिनी. तिने तवा जोरात घासायला घेतला.

आता आमच्याकडे पंगती तीन झाल्यात. दादा, मग दर्शना, मग मी. दर्शनाही माझ्यावर नीटशी खूश नाही. तिचं म्हणणं, आत्या, शीलाच्या वेळी गप्पच बसायचं होतं तर पहिल्या आठवड्यात का नाही बसलीस, केवढा वाढला तो. तिचा अहवाल झाला. त्यात तिने विहारातले कागद कसे वाया गेले आणि ती चूक आपली कशी, ते पहिल्या पानावरच लिहिलं, स्टँडवरच्या रिक्षावाल्यांचं मागून. मॅडमनी ते तसंच ठेवायला सांगितलं. बापाचं त्यात काही नाही. दिशाने त्या दिवशी लिहिलेला कागद दर्शनाने तिच्याकडून मागून घेतला आणि फाडला, ते मी पाहिलं.

दादाने अध्यक्षपद सोडलं. शील आता दुसरे गृहस्थ देतात, त्यांचा आवाज बारीक आहे. दादा विहारात यायचं सोडेल असं मला वाटलं होतं. त्याने सोडलं नाही. मागे दाराशी बसतो, सिद्धेशच्या शेजारी, कारण तिथेच जागा असते. माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसले तर पलीकडून जातो.

मागच्या पौर्णिमेला मी पुढे बसले होते. चौथं शील आलं, मी म्हटलं, माझ्या मागून बायकांनी म्हटलं. ते संपून सगळे थांबले तरी मागून एक आवाज अजून चालूच होता. गालाची जखम अजून ओढत होती, त्यामुळे शब्द जड निघत होते, मागे पडत होते. त्याने ते शेवटपर्यंत म्हटलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मग सिद्धेश हळूच म्हणाला, पण विहारात शांतता होती म्हणून ऐकू आलं, “दादा, माझं तर अर्धंच झालंय. परत एकदा म्हणा.”

“गप रे,” दादा म्हणाला.